मेघसंगणन आणि माहितीचीं विखुरलेलीं भांडारें

आमच्या शाळेंत अलीकडे पालकांकडून एक प्रश्न वारंवार येतो. मुलाची गुणपत्रिका "क्लाउडवर" आहे असें सांगण्यांत येतें. तर ती नेमकी कोठें आहे? मुलांस हा प्रश्न पडत नाहीं. तीं आकाशाकडे बोट दाखवितात व मोकळीं होतात. परंतु ज्या बापानें शाळेचा दाखला आणि सातबाऱ्याचा उतारा पत्र्याच्या पेटींत जपून मुलांस शिकविलें, त्याचा प्रश्न खरा आहे. जी वस्तु आपली, तिची जागा आपणांस ठाऊक असावी ही त्याची इच्छा रास्त होय. म्हणून त्या प्रश्नाचें उत्तर जितकें सोपें करून देतां येईल तितकें येथें देण्याचें योजिलें आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं वाचतांना कागद व पेन्सिल जवळ ठेवावी, कारण मध्यंतरीं थोडें गणित आहे.

प्रथम नांवाविषयीं. क्लाउड म्हणजे ढग किंवा मेघ. इंजिनिअर लोक टेलिफोनच्या, व पुढें संगणकांच्या, जाळ्याचे नकाशे काढीत. त्यांत जो भाग तपशिलानें दाखविण्याचें कारण नसे, त्या जागीं ते ढगाची आकृति काढून सोडून देत. "ह्याच्या आंत काय आहे तें तूर्त पाहूं नका" एवढाच त्या ढगाचा अर्थ. मराठींत मात्र मेघ म्हटला कीं आषाढ आठवतो, आणि वस्तु जमिनीवर आहे हें विसरलें जातें. ती अगदीं जमिनीवर आहे. नवी मुंबईंत ऐरोली, महापे ह्या बाजूस अशा इमारती आहेत. आंत लोखंडी कपाटांच्या रांगा, प्रत्येक कपाटांत एकावर एक रचलेले संगणक, त्यांस थंड ठेवणारीं यंत्रें, वीज गेल्यास क्षणभर भार उचलणाऱ्या बॅटऱ्या आणि त्यामागें डिझेलवर चालणारे जनरेटर. ह्या इमारतींस डेटा सेंटर म्हणतात. परदेशांतून समुद्राच्या तळावरून येणाऱ्या संदेशवाहक तारा मुंबईच्या किनाऱ्यास लागतात, त्यामुळें ह्या धंद्यानें मुंबईचा आसरा धरला हें नवल नव्हे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २०१५ सालीं पुणें, मुंबई व चेन्नई येथें, अमेझॉननें २०१६ सालीं मुंबईस व गूगलनें २०१७ सालीं मुंबईस आपलीं केंद्रें उघडलीं. तेव्हां मेघ म्हणजे दुसऱ्याच्या इमारतींतील संगणक, आपल्या गरजेपुरता भाड्यानें घेतलेला. ह्यापलीकडे त्या शब्दांत गूढ कांहीं नाहीं.

भाड्यानें घेण्याची ही कल्पना बरीच जुनी आहे. १९६१ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेच्या शतसांवत्सरिक उत्सवांत जॉन मॅकार्थी ह्या गणितज्ञानें असें प्रतिपादिलें कीं, टेलिफोनची सेवा जशी सार्वजनिक आहे, तशीच संगणनाचीही एक दिवस सार्वजनिक सेवा होऊं शकेल. त्याच वर्षीं, त्याच संस्थेंत, फर्नांडो कोर्बातो व त्याचे सोबती ह्यांनीं एकाच संगणकाचा वेळ अनेक मनुष्यांस थोडा थोडा वांटून देण्याची युक्ति करून दाखविली. यंत्र इतक्या चपळाईनें एकाकडून दुसऱ्याकडे वळे कीं प्रत्येकास तें आपल्या एकट्याचेंच आहे असें भासे.

पुढची पायरी आय. बी. एम. कंपनीची. वेळेबरोबर यंत्रही वांटून द्यावयाचें, अशी ती योजना. गिरणगांवांतील चाळ ज्यांनीं पाहिली असेल त्यांस ती लगेच समजेल. इमारत एक, जिना एक, पाण्याचा नळ एक. परंतु प्रत्येक बिऱ्हाडाची खोली निराळी, दाराला कडी निराळी, आणि एकाची चूल विझली म्हणून दुसऱ्याचा भात कच्चा राहत नाहीं. १९७२ सालीं ह्या कंपनीनें एका मोठ्या संगणकाच्या पोटांत अनेक "भासमान" संगणक चालविणारी व्यवस्था विक्रीस आणली. प्रत्येक भाडेकऱ्यास आपण संपूर्ण यंत्राचे धनी आहों असें वाटावें, व एकाची चूक दुसऱ्याच्या खोलींत शिरूं नये, हा तिचा हेतु. मार्च २००६ मध्यें अमेझॉननें माहिती सांठविण्याची जागा व त्याच वर्षाच्या ऑगस्टांत असे भासमान संगणक, कोणासही, किरकोळ भावानें, देण्यास आरंभ केला. एक गिगाबाइट माहिती महिनाभर ठेवण्यास १५ सेंट, आणि एक लहान संगणक तासभर वापरण्यास १० सेंट असा तेव्हांचा दर होता. ज्यास पूर्वीं यंत्र विकत घेण्यासाठीं कर्ज काढावें लागे, त्या होतकरू मनुष्यास आतां खिशांतल्या पैशांवर आरंभ करतां येऊं लागला. ह्याचा परिणाम किती दूरवर गेला हें सर्वांस दिसतेंच आहे; त्यावर अधिक लिहीत नाहीं.

आतां मूळ विषयाकडे वळूं. भाड्याची जागा मिळाली. पण तेथें ठेवलेली वस्तु टिकते कशी?

माहिती डिस्कांवर लिहिलेली असते आणि डिस्क हें बिघडणारें यंत्र आहे. उदाहरणापुरतें असें धरा कीं शंभर डिस्कांपैकीं वर्षाला दोन निकामी होतात. घरीं एकच डिस्क असेल तर मनुष्य म्हणेल, आपल्यावर हा प्रसंग पन्नास वर्षांतून एकदां येईल, काळजी कशाला? पण ज्याच्या इमारतींत १०,००० डिस्का आहेत, त्याच्या येथें वर्षास २०० बिघडतील, म्हणजे दर दोन दिवसांस एकीहून अधिक. घरांत जो अपघात, तो तेथें दिनक्रम होतो. ह्या साध्या गुणाकारानें यंत्रशास्त्राची दृष्टिच बदलली. पूर्वीं, बिघडणार नाहीं असें भारी किंमतीचें यंत्र घ्यावें अशी रीत होती. गूगल कंपनीच्या माणसांनीं उलट धरलें: स्वस्त यंत्रें पुष्कळ घ्यावींत, तीं बिघडणार हें गृहीतच धरावें, आणि बिघाड पचविण्याचें काम यंत्राकडे न सोंपवितां त्यांवर चालणाऱ्या व्यवस्थेकडे सोंपवावें.

ह्या व्यवस्थेचें वर्णन संजय घेमावत व त्यांचे दोन सहकारी ह्यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलें. तिची रचना समजण्यास अवघड नाहीं. प्रत्येक मोठ्या फाइलीचे ६४ मेगाबाइटांचे तुकडे पाडावयाचे, आणि प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती तीन निरनिराळ्या संगणकांवर ठेवावयाच्या. त्याही शक्य तों एकाच कपाटांत नव्हेत, कारण कपाटाची वीज गेली तर तिन्ही एकदम जातील. म्हणजे ६४० मेगाबाइटांची फाइल दहा तुकड्यांत व तीस प्रतींत विखुरली जाते. मग कोणता तुकडा कोठें हें कोण सांगणार? त्यासाठीं एक मुख्य संगणक असतो. तो ग्रंथपालासारखा आहे. त्याच्याजवळ पुस्तकें नसतात, केवळ सूचि असते. मागणारा त्यास विचारतो, तो कपाटाचा नंबर सांगतो, आणि पुस्तक मागणाऱ्यानें स्वतः जाऊन आणावयाचें. सगळीं पुस्तकें ग्रंथपालाच्या हातून जाऊं लागलीं तर दाराशीं रांग लागेल. म्हणून ही योजना. पण आपल्या ग्रंथपालाहून तो एका गोष्टींत अधिक दक्ष आहे. तो सर्व संगणकांची सारखी हजेरी घेत असतो. एखादा संगणक हजेरीस उत्तर देईनासा झाला कीं, त्यावर ज्या प्रती होत्या त्यांची संख्या तिनाची दोन झाली असें तो समजतो, आणि उरलेल्या प्रतींवरून तिसरी नवी प्रत दुसरीकडे करवून घेतो. कोणाही मनुष्यास रात्रीं उठावें लागत नाहीं. आणि ग्रंथपाल स्वतःच कोसळला तर? त्याच्या रोजनिशीची प्रत इतर संगणकांवर आधींच लिहिलेली असते, तिजवरून दुसरा उभा राहतो.

पुढच्याच वर्षीं, २००४ सालीं, जेफ डीन व घेमावत ह्यांनीं ह्या विखुरलेल्या माहितीवर गणित कसें करावें हें दाखविलें. त्याचें तत्त्व शिरगणतीचें आहे. शिरगणतीसाठीं गांव उचलून तालुक्याला आणीत नाहींत; गणना करणारा गांवीं जातो आणि फक्त आंकडा पाठवितो. तसेंच येथें माहिती हलविण्याऐवजीं काम माहितीपाशीं पाठवावयाचें, व शेवटीं बेरजांच्या बेरजा करावयाच्या. एखादा गणक आजारी पडला तर त्याचें गांव दुसऱ्यास द्यावयाचें. कोणी फारच रेंगाळत असेल तर तेंच गांव दुसऱ्यासही देऊन, जो आधीं संपवील त्याचा आंकडा घ्यावयाचा. ही शेवटली युक्ति मला विशेष आवडते. ह्या दोन लेखांवरून स्फूर्ति घेऊन डग कटिंग व माइक काफारेला ह्यांनीं हडूप नांवाची व्यवस्था रचली आणि ती सर्वांस फुकट खुली केली. हडूप हें नांव कटिंगच्या लहान मुलाच्या पिवळ्या खेळण्यांतील हत्तीचें आहे.

तीन प्रतींचा दोष असा कीं जागा तिप्पट लागते. हा खर्च कमी कसा करावा, ह्यांत शाळेंतील बीजगणित उपयोगी पडतें. समजा, आपणांस ७ व ५ हे दोन आंकडे जपावयाचे आहेत. प्रत्येकाच्या तीन चिठ्ठ्या केल्या तर सहा चिठ्ठ्या होतील, व कोणत्याही दोन हरवल्या तरी दोन्ही आंकडे आपल्या हातीं राहतील. आतां दुसरी रीत पाहा. पहिल्या चिठ्ठीवर ७, दुसरीवर ५, तिसरीवर दोहोंची बेरीज १२, आणि चौथीवर पहिला अधिक दुसऱ्याची दुप्पट, म्हणजे १७. ह्या चारच चिठ्ठ्या चार मुलांजवळ द्या, आणि वाटेल त्या दोन मुलांस वर्गाबाहेर घालवा. ७ व ५ वालेच गेले असें धरूं. १७ मधून १२ वजा करितां ५ येतात. १२ मधून ५ वजा करितां ७ येतात. ५ व १२ गेले तर? १७ मधून ७ वजा केले, १० उरले, त्याचे निम्मे ५. कोणतीही जोडी घालवा, उत्तर येतेंच. सहा चिठ्ठ्यांचें काम चारांत झालें. विद्यार्थ्यांनीं सहाही जोड्या स्वतः करून पाहाव्यात, आणि मग चौथ्या चिठ्ठीवर दुपटीऐवजीं पुन्हां साधी बेरीजच लिहिली तर कोणत्या जोडीपाशीं अडेल तें शोधावें.

ह्याच तत्त्वाचें व्यापक रूप अर्व्हिंग रीड व गुस्टाव्ह सॉलोमन ह्या दोन गणितज्ञांनीं १९६० सालीं मांडलें. आंकडे फुगत जाऊं नयेत म्हणून ते घड्याळाच्या तबकडीसारखें, मर्यादेपुढें पुन्हां आरंभास येणारें असें निराळ्या प्रकारचें अंकगणित वापरतात; पण गाभा आपल्या चार चिठ्ठ्यांचाच आहे. फेसबुक कंपनीनें २०१४ सालीं आपल्या जुन्या छायाचित्रांच्या भांडाराचें वर्णन प्रसिद्ध केलें, त्यांत दहा भागांस चार जोडभाग लावलेले आहेत. चौदांपैकीं कोणतेही चार नाहींसे झाले तरी छायाचित्र पुरतें परत मिळतें, आणि ह्या जोडभागांच्या रीतीपुरती जागा तिप्पट न लागतां एक पूर्णांक चार दशांश पट लागते. दोन गणितज्ञांनीं कागदावर मांडलेलें समीकरण, आणि तुमच्या मावशीच्या लग्नाचें छायाचित्र त्याच्या आधारावर उभें आहे.

येथपर्यंत सर्व सुरळीत आहे. खरी अडचण ह्यापुढें आहे. वस्तु बदलत नसेल तर कितीही प्रती असोत, त्या सारख्याच राहतील. पण बँकेंतील शिल्लक बदलते, परीक्षेचा निकाल दुरुस्त होतो, आगगाडीची जागा कोणीतरी घेतो. तीन प्रतींपैकीं एकींत बदल लिहिला गेला, दुसऱ्या दोहोंत जाण्याआधीं तार तुटली. आतां खरी प्रत कोणती?

"जी शेवटीं लिहिली ती खरी" असें वाटणें साहजिक आहे. परंतु शेवटीं म्हणजे कोणाच्या घड्याळाप्रमाणें? पुण्याच्या संगणकानें आपल्या घड्याळांत १० वाजून ५ मिनिटांनीं निरोप पाठविला; नागपूरचें घड्याळ मागें आहे, तेथें तो १० वाजून २ मिनिटांनीं पोंचल्याची नोंद झाली. नोंदी पाहणारा म्हणेल, निरोप निघण्याच्या आधींच पोंचला. लेस्ली लॅम्पोर्ट ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९७८ सालीं ह्यावर जो तोडगा काढला तो इतका साधा आहे कीं आधीं कोणास कसा सुचला नाहीं असें वाटावें. त्यानें घड्याळच बाजूस सारलें. प्रत्येक संगणकानें एक आंकडा बाळगावा व प्रत्येक कृतीनंतर तो एकानें वाढवावा. निरोप धाडतांना आपला आंकडा त्यावर लिहावा. निरोप घेणाऱ्यानें तो आंकडा व आपला आंकडा ह्यांत जो मोठा, त्याहून एकानें मोठा आंकडा धारण करावा. पुण्याहून ७ हा आंकडा लिहिलेला निरोप आला व नागपूर ४ वर होतें, तर नागपूर ८ वर जाईल. नागपूर आधींच १२ वर असेल तर १३ वर. अशा रीतीनें पत्र लिहिण्याची क्रिया पत्र वाचण्याच्या आधीं, कारण कार्याच्या आधीं, एवढें निश्चित होतें. दिवसाची वेळ कळत नाहीं. पण क्रम कळतो, आणि बहुतेक व्यवहारांस क्रमच हवा असतो.

क्रम लागला, तरी गैरहजर असलेल्या प्रतींचें काय करावें हा प्रश्न उरतोच. येथें बहुमताचा उपयोग होतो. एका पेढीचे पांच कारकून आहेत, प्रत्येकाजवळ त्याच खातेवहीची प्रत आहे. प्रत्येक नवी नोंद पांचांनाही गांठून लिहावयाची म्हटलें, तर एक आजारी पडतांच पेढी बंद. म्हणून नियम केला: नोंद कोणत्याही तिघांच्या वहींत क्रमांकासह झाली कीं ती पक्की, आणि शिल्लक विचारतांनाही कोणत्याही तिघांस विचारावें, व ज्याचा क्रमांक सर्वांत मोठा त्याचें म्हणणें घ्यावें. पांचांतून तीन दोनदां निवडले तर निदान एक मनुष्य दोन्ही वेळां येतोच, कारण तीन व तीन सहा, आणि माणसें पांच. तो एक मनुष्य नवी नोंद घेऊन येतो. दोघे आजारी पडले तरी पेढी चालते. तिघे पडले तर मात्र थांबते, आणि थांबावेंच. चुकीची शिल्लक सांगण्यापेक्षां तें बरें.

दोघांनीं एकाच वेळीं दोन निरनिराळ्या नोंदी करूं घातल्या तर काय, हा ह्याहून बारीक प्रश्न आहे. त्याचें उत्तरही लॅम्पोर्टनेंच दिलें, व तें मोठ्या विनोदानें. त्यानें पॅक्सॉस नांवाच्या ग्रीक बेटावरील एका कल्पित प्राचीन लोकसभेची गोष्ट लिहिली. सभासद मधूनच उठून जातात, निरोप्ये वाटेंत रेंगाळतात, आणि तरीही कायद्याच्या वह्यांत परस्परविरोध कधीं येत नाहीं. ही गोष्ट वाचणाऱ्या पंडितांस ती थट्टा वाटली. १९९० च्या सुमारास लिहिलेला लेख छापून येण्यास १९९८ साल उजाडलें. ती रीत अवघड आहे ही तक्रार मात्र खोटी नव्हती. म्हणून २०१४ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत डिएगो ओंगारो व जॉन ऑस्टरहाउट ह्यांनीं राफ्ट नांवाची दुसरी रीत मांडली. तींत आधीं बहुमतानें एक पुढारी निवडावयाचा व त्याच्याच हातून सर्व नोंदी व्हावयाच्या; पुढाऱ्याचा आवाज येईनासा झाला कीं नवी निवडणूक. "समजण्यास सोपें असणें" हेंच त्यांनीं आपलें मुख्य उद्दिष्ट ठेविलें होतें. शिक्षकाच्या कानास हें शब्द गोड लागतात.

इतकें करूनही एक गोष्ट मनुष्याच्या हातीं येत नाहीं. एका पतपेढीच्या दोन शाखा आहेत असें समजा, एक महाडास व एक पोलादपुरास. पावसांत दोहोंमधील तार तुटली. खात्यावर १,००० रुपये आहेत. बाप महाडास ८०० मागतो. मुलगा, बापास न विचारतां, पोलादपुरास ८०० मागतो. दोन्ही शाखांनीं पैसे दिले तर हिशेब बुडाला. हिशेब जपावयाचा तर निदान एका शाखेनें "आज लाइन नाहीं, उद्यां या" असें म्हटलें पाहिजे. हें वाक्य आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. तार तुटलेली असतां तत्काळ सेवाही मिळावी आणि हिशेबही चुकूं नये, अशी तिसरी वाट नाहीं. एरिक ब्रूअर ह्यानें २००० सालीं हें अनुमान मांडलें व सेथ गिल्बर्ट आणि नॅन्सी लिंच ह्यांनीं २००२ सालीं तें सिद्ध केलें. येथें अधिक पैसा किंवा अधिक चांगलें यंत्र उपयोगी पडत नाहीं. निवड मनुष्यानें करावयाची.

आणि निवड प्रत्येक ठिकाणीं सारखी नसते. अमेझॉनच्या ज्या व्यवस्थेचें वर्णन २००७ सालीं प्रसिद्ध झालें, तींत गिऱ्हाइकाच्या टोपलींत वस्तु घालण्यास नकार कधींच द्यावयाचा नाहीं असें ठरविलें होतें. दोन प्रतींत फरक पडला तर दोन्ही टोपल्या मागाहून एकत्र करावयाच्या. त्यामुळें काढून टाकलेली वस्तु क्वचित् टोपलींत पुन्हां प्रकट होई. दुकानदारास तें चालतें, गिऱ्हाईक ती पुन्हां काढील. ह्या लेखाच्या लेखकांपैकीं एक, अविनाश लक्ष्मण, पुढें फेसबुकमध्यें गेले व तेथें प्रशांत मलिक ह्यांच्यासह त्यांनीं कॅसँड्रा ही व्यवस्था रचली. ती २००८ सालीं सर्वांस खुली झाली. बँकेस अशी ढिलाई परवडत नाहीं. गूगलनें २०१२ सालीं वर्णिलेल्या स्पॅनर नांवाच्या व्यवस्थेंत तर डेटा सेंटरांतून आण्विक घड्याळें व उपग्रहांवरून वेळ घेणारीं यंत्रें बसविलीं आहेत. तेथें घड्याळ "आतां इतके वाजले" असें सांगत नाहीं. "आतांची वेळ ह्या क्षणापासून त्या क्षणाच्या दरम्यान आहे" असें सांगतें. ही शंकेची मुदत कांहीं सहस्रांश सेकंदांची असते, आणि नोंद पक्की करण्यापूर्वीं यंत्र तेवढा वेळ मुद्दाम थांबून राहतें. आपणांस किती ठाऊक नाहीं हें मोजून तेवढें थांबणारें यंत्र माझ्या पाहण्यांत दुसरें नाहीं.

आतां पालकांच्या काळजीचा भाग. प्रती यंत्राच्या बिघाडापासून वांचवितात. मनुष्याच्या हुकुमापासून वांचवीत नाहींत. "पुसून टाक" असा हुकूम झाला कीं तो तिन्ही प्रतींस इमानानें पोंचतो. २८ फेब्रुवारी २०१७ रोजीं अमेरिकेंत व्हर्जिनिया प्रांतांतील अमेझॉनच्या भांडारांत एका कर्मचाऱ्यानें थोडे संगणक बंद करण्याचा हुकूम देतांना शब्द चुकविला, व फार अधिक संगणक बंद झाले. सुमारें चार तास असंख्य संकेतस्थळें ठप्प होतीं. गंमत अशी कीं, "सेवा बंद आहे" हें दाखविणारा कंपनीचा फलक स्वतः त्याच भांडारावर अवलंबून होता, म्हणून त्यासही कांहीं काळ खरें सांगतां येईना. त्या दिवशीं निदान माहिती हरवली नाहीं. १० मार्च २०२१ च्या रात्रीं फ्रान्समध्यें स्ट्रासबुर्ग येथें ओ. व्ही. एच. कंपनीच्या डेटा सेंटरास आग लागली आणि एक इमारत पूर्ण जळाली. ज्यांनीं दुसरी प्रत निराळ्या गांवीं ठेविली होती ते सांवरले. ज्यांची दुसरी प्रत त्याच आवारांत होती, त्यांपैकीं कित्येकांचें कायमचें नुकसान झालें. मेघांत ठेवलें म्हणजे आपोआप दोन गांवीं ठेवलें, अशी त्यांची समजूत होती.

ह्याहूनही मोठी हानि दक्षिण कोरियांत झाली. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं डेजॉन शहरांतील सरकारी माहितीकेंद्रांत लिथियम बॅटऱ्यांनीं पेट घेतला. सरकारी नोकरांनीं आपले कामाचे कागद ज्या भांडारांत ठेवावेत असें ठरलें होतें तें तेथेंच होतें. त्यांत ८५८ टेराबाइट माहिती होती, आणि इतक्या मोठ्या भांडाराची प्रत बाहेर ठेवणें कठीण म्हणून ती ठेविलीच नव्हती. ज्या खात्यानें सर्व कागद तेथेंच ठेवण्याचा नियम कडकपणें पाळला, त्याचें सर्वांत अधिक गेलें. मग नोकरांच्या स्वतःच्या संगणकांत, टपालांत व छापील कागदांत जें कांहीं उरलें होतें तें गोळा करण्याचें काम सुरू झालें. जगांतील अत्यंत यंत्रकुशल राष्ट्रांत हें घडलें आहे.

ह्यावरून घरच्या कागदांविषयीं दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. डिजिलॉकर ही भारत सरकारची सेवा २०१५ सालीं सुरू झाली. तींत "दिलेले" कागद व "चढविलेले" कागद असे दोन प्रकार आहेत. परीक्षामंडळानें दिलेली गुणपत्रिका तेथें ठेवलेली नसते, तिचा पत्ता ठेवलेला असतो. मागतांच ती मंडळाच्या भांडारांतून आणून दाखविली जाते. फोनानें काढून आपण स्वतः चढविलेलें छायाचित्र मात्र खरोखर तेथें असतें. तें आपणच पुसलें तर तें परत देणारें दुसरें कार्यालय नाहीं. म्हणून अशा कागदाची मूळ प्रत कदापि टाकूं नये, आणि एक प्रत दुसऱ्या गांवीं, आजोळीं म्हणा, अवश्य असावी.

दुसरी गोष्ट किल्लीची. मागील पावसाळ्यांत आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा फोन नदींत पडला. त्यांचे सर्व कागद व छायाचित्रें मेघांत सुखरूप होतीं; तीन प्रती, चौदा भाग, जें काय असेल तें सर्व शाबूत. पण संकेतशब्द कोणास ठाऊक नव्हता, आणि ओळख पटविण्याचा आंकडा ज्या नंबरावर येणार तें सिम फोनाबरोबर बुडालें होतें. तोच नंबर दुसऱ्या सिमवर मिळेपर्यंत मुलाचा प्रवेश अडून राहिला. तेव्हां संकेतशब्द कागदावर लिहून घरांतील दोघांस तरी ठाऊक असावा. आणि नंबर बदलावयाचा झाल्यास आधीं खात्यांत नवा नंबर नोंदवावा, तो नोंदला गेल्याची खात्री करून घ्यावी, व मगच जुनें सिम बंद करावें. शाळेच्या कार्यालयांत शनिवारीं येणाऱ्या पालकांस वरच्या वर्गांतील विद्यार्थी हें काम करून दाखवितील.